जन्माची वही आणि दफनाची वही

(मूर्तिजापूर येथें धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या दिवशीं जें बोललें जातें तें बहुधा जिवंतांविषयीं असतें. मंदिर कसें उभें राहिलें, शाळेंत मुलें किती, कोणाच्या देणगीनें घंटा आली, या गोष्टी ओघानें निघतात, आणि त्या निघाव्यातच. आम्ही मात्र आज आपणांपुढें मृतांचा विषय काढणार आहों. धर्मगुरूंच्या कचेरींतील कपाटांत जाडजूड पुठ्ठ्यांच्या वह्या असतात. त्यांत बाप्तिस्म्याची वही व दफनाची वही अशा दोन वह्या शेजारीं शेजारीं उभ्या असतात. पहिली वही लोक वारंवार मागतात, दुसरी सहसा कोणी मागत नाहीं. पूर्वजांचा शोध करणाऱ्यानें पहिली वही उघडण्यापूर्वीं दुसरी उघडावी, व पहिली वाचून झाल्यावर पुन्हां दुसरीकडे वळावें, एवढेंच आमचें आजचें सांगणें आहे. तें कां, हें आतां निवेदन करितों.

जुन्या नोंदीसाठीं येणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकास दाखला हवा असतो. कोणाला तो पासपोर्टासाठीं लागतो, कोणाला विवाहासाठीं. गोव्याकडच्या कुटुंबांना तर हल्लीं पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाच्या अर्जासाठीं आजोबांची जन्मनोंद शोधावी लागते. या मनुष्याचें काम कागद मिळाला कीं संपतें. दुसरा मनुष्य जरा संकोचानें विचारतो, “फादर, आमचीं मूळ माणसें कोठलीं?” त्याचें काम एका कागदानें संपत नाहीं. त्याच्याविषयींच आम्ही बोलत आहों.

वऱ्हाडांतील ख्रिस्ती समाज एका मुळापासून वाढलेला नाहीं, हें प्रथम ध्यानांत धरिलें पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्या मार्गानें स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर, फिटर, खानसामे असे गोव्याचे, मुंबईचे आणि अँग्लो-इंडियन लोक इकडे आले. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ सालीं वसली. तेथें मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ व तेलुगु बोलणारीं कॅथोलिक कुटुंबें आलीं. एलिचपुरास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. खेड्यापाड्यांतून ज्यांनीं येथेंच प्रभूचा स्वीकार केला तीं कुटुंबें निराळीं, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांच्या दारीं आलेल्या मुलांचीं कुटुंबें आणखी निराळीं. आज हीं सर्व एका बाकावर बसून एकाच भाषेंत प्रार्थना करितात. परंतु त्यांचे कागद एका कपाटांत नाहींत, व एका कपाटांत ते सांपडावे अशी अपेक्षा धरणें हीच शोधाची पहिली फसगत आहे.

मूर्तिजापूरचें उदाहरण घ्या. हें गांव मोठ्या लोहमार्गावरचें, आणि यवतमाळ व अचलपूर या दोन अरुंद फाट्यांचें जंक्शन. आपली ‘शकुंतला’ ओढणारें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टर शहरीं तयार झालें, १९२३ पासून राबलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं कामावरून निवृत्त झालें. इंजिनाची जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख आपणांस अशी बिनचूक सांगतां येते. पण तें इंजिन ज्यांनीं कोळसा घालून चालविलें त्यांच्या नातवांस आपल्या आजोबांची जन्मतारीख विचारून पाहा. “कापसाच्या हंगामांत झाले असें आजी सांगे,” यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाहीं. रेल्वेच्या मनुष्याची बदली होई. एक मूल भुसावळास झालें, दुसरें बडनेऱ्यास, तिसरें येथें. विवाह नागपुरास आणि मृत्यु कोठेंतरी चौथ्याच ठिकाणीं. प्रत्येक संस्कार ज्या धर्मग्रामांत झाला तेथल्याच वहींत तो लिहिला जातो. तेव्हां एका मनुष्याचें आयुष्य जुळवावयाचें तर चार गांवच्या वह्या पाहाव्या लागतात. त्यांत धर्मप्रांताच्या सीमाहि बदलत गेल्या. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं झाला. अमरावतीचा त्यांतून १९५५ सालीं निघाला. औरंगाबादचा अमरावतींतून १९७७ सालीं. भुसावळ आज नाशिकच्या धर्मप्रांतांत मोडतें. म्हणून १९१० सालच्या एखाद्या पत्रव्यवहाराचा माग काढणाऱ्यानें आजच्या बिशपांचें नांव न पाहतां त्या सालीं हा मुलुख कोणाच्या अधिकारांत होता तें पाहावें. मुंबईचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. तेथें १९२८ च्या करारापर्यंत एकाच शहरांत पद्रुआदो व प्रोपगांदा असे दोन अधिकार नांदत होते. एका आळीचे दोन शेजारी दोन निरनिराळ्या बिशपांच्या मंदिरांत आपलीं मुलें नेत. एका वहींत नांव नाहीं म्हणून निराश होऊन परतणारा मनुष्य पुष्कळदां हाकेच्या अंतरावरची दुसरी वही न पाहतांच परततो.

आतां या वह्या आल्या कोठून? ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याविषयीं नियम केले. पुढें १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत मृतांच्या वहीचा नमुनाहि घालून देण्यांत आला. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें तर दफनाच्या नोंदींत काय काय असावें तें एकेक करून सांगितलें: मृताचें नांव व वय, आईबापांचें किंवा पतीचें अथवा पत्नीचें नांव, मृत्यूची वेळ, कोणीं कोणते संस्कार दिले, आणि दफनाची जागा व वेळ. हा नियम वाचून आम्हांस नेहमीं वाटतें कीं, ज्यांनीं तो लिहिला त्यांच्या ध्यानीं मनीं वंशावळ नसेलहि, परंतु वंशावळ लिहिणारा याहून अधिक काय मागणार? “आईबापांचें किंवा पत्नीचें नांव” या चार शब्दांत सारा शोध सामावला आहे. तसेंच १९०८ च्या ईस्टरपासून असा नियम झाला कीं, कोणाचा विवाह झाला म्हणजे त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं समासांत करावी. त्यामुळें जुनी वही चाळतांना समास कधींहि वगळूं नये. समासांत बारीक अक्षरांत एखाद्या दूरच्या गांवाचें नांव व तारीख असते, आणि हरवलेला भाऊ कोठें गेला तें तेवढ्यावरून कळतें.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, आपल्यांतील एका कुटुंबाचा पणजोबा रेल्वेंत होता. नांव फ्रान्सिस. घरांतील सांगणें असें कीं तो गोव्यांतील साष्टी प्रांताचा. थडग्यावरील दगडावर मृत्यु १९११, वय ४९ वर्षें असें कोरलें आहे. कुटुंबांतला तरुण मुलगा हिशेब करितो: १९११ मधून ४९ वजा, म्हणजे जन्म १८६२ च्या सुमारास. तो गोव्यास जातो, त्या गांवची बाप्तिस्म्याची नोंद पाहतो, आणि १८६१ सालीं ‘फ्रान्सिस्को’ नांवाचें बालक त्याला सांपडतें. बापाचें नांव आहे, आजोबांचें आहे, वाड्याचें नांवहि आहे. मुलगा आनंदानें घरीं येतो. वंशावळ रंगवून भिंतीवर लावली जाते. तिच्या मुळाशीं १८६१ चें तें बालक.

परंतु त्याच गांवची मृतांची वही त्यानें उघडली असती तर १८६२ च्या पानावर त्याला तेंच बालक दिसलें असतें. वय १४ महिने. तें मूल वाढलेंच नाहीं. तें रेल्वेंत आलें नाहीं, त्याचा विवाह झाला नाहीं, त्याला नातवंडें असणें शक्य नाहीं. खरा फ्रान्सिस त्याच गांवच्या दुसऱ्या वाड्यावरचा, १८६३ सालचा, निराळ्या आईबापांचा. एका नोंदीच्या घाईनें एका कुटुंबानें दुसऱ्याचे आजोबा आपले म्हणून घेतले, आणि स्वतःचे आजोबा गोव्याच्या त्या वहींत तसेच पडून राहिले.

बंधूंनो, हें उदाहरण कल्पित असलें तरी असला प्रकार विरळा नाहीं. ज्या काळीं देवी, पटकी आणि ताप हीं लहान मुलांना पहिल्या पांच वर्षांत घेऊन जात, त्या काळीं प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वहींतील कितीएक नांवांचा शेवट दोन-चार वर्षांच्या आंत दफनाच्या वहींत होई. गेलेल्या मुलाचें नांव पुढच्या मुलास ठेवण्याची चालहि पुष्कळ ठिकाणीं होती. गांवच्या संताचें नांव घरोघर असे, त्यामुळें एकाच वर्षीं दोन-तीन फ्रान्सिस असणें हें नवल नव्हे. म्हणून जन्माची नोंद हा आरोप समजावा, पुरावा समजूं नये. तें बालक मोठें झालें हें दुसऱ्या कशानेंतरी सिद्ध व्हावें: त्याच्या विवाहाच्या नोंदींत तेच आईबाप असावे, दफनाच्या नोंदींत तींच नांवें यावीं, भावंडांच्या बाप्तिस्म्याला जे धर्मपिता व धर्ममाता उभे राहिले त्यांचीं नांवें त्याच्या मुलांच्या नोंदींत पुन्हां भेटावीं. धर्मपिता बहुधा मामा किंवा चुलता असे. जेथें आडनांव लिहिलेंच नाहीं तेथें धर्मपित्याच्या नांवावरून घर ओळखतां येतें, असा या शोधांतील जाणत्यांचा अनुभव आहे.

या बाबतींत ज्यांनीं सर्वांहून अधिक खटपट केली ते लोक अमेरिकेचे. त्यांची गोष्ट येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. वऱ्हाडचा व अमेरिकेचा संबंध कापसानें जोडलेला आहे हें आपण जाणतांच. १८६१ ते १८६५ या काळांत तिकडे यादवी युद्ध पेटलें आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबांना, आपला पूर्वज इंग्रजांच्या वसाहतकाळांत, म्हणजे १७७६ च्या पूर्वीं, तेथें आला होता हें सिद्ध करण्याची मोठी हौस असते. त्यासाठीं बोस्टन शहरीं १८४५ सालीं एक संस्थाच स्थापन झाली, आणि ती आजहि चालू आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६३९ सालींच असा ठराव केला होता कीं, प्रत्येक जन्म, विवाह व मृत्यु गांवच्या दफ्तरांत लिहावा. तेथले प्युरिटन लोक विवाहास संस्कार मानीत नसत, म्हणून त्यांचे कागद मंदिरांत न राहतां गांवच्या कारकुनाकडे राहिले. पुढें त्या गांवोगांवच्या नोंदी छापून प्रसिद्ध झाल्या. आमच्या खेड्यांच्या नोंदी छापण्याचा योग केव्हां येईल तो येवो.

या नोंदींतून निघणारा एक मनुष्य तर आपल्या मुलुखाशीं संबंध असलेला आहे. जॉन पार्कर बॉइड याचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथें २१ डिसेंबर १७६४ रोजीं झाला, म्हणजे इंग्रजांची वसाहत असतांना. १७८९ सालीं तो हिंदुस्थानांत आला, निजामाच्या चाकरींत फौजेचा सरदार झाला, आणि कांहीं काळ पुण्यास पेशव्यांकडेहि राहिला. त्या वेळीं वऱ्हाड निजामाचेंच होतें. पुढें तो मायदेशीं परतला, तेथें ब्रिगेडियर जनरल झाला, आणि ४ ऑक्टोबर १८३० रोजीं बोस्टन येथें मरण पावला. त्याचा जन्म एका गांवीं, मृत्यु जवळच्याच शहरीं. हीं दोन टोकेंच पाहणारा म्हणेल कीं, हा गृहस्थ आपल्या परगण्याबाहेर कधीं गेलाच नाहीं! मधलीं वर्षें दख्खनच्या धुळींत गेलीं हें जन्ममृत्यूच्या वह्या सांगत नाहींत. तें सरकारी पत्रव्यवहारांत शोधावें लागतें. वह्या टोकें देतात, आयुष्य देत नाहींत, हा धडा या सरदारापासून घ्यावा.

अमेरिकेंतील कॅथोलिकांची कथा आपणांस अधिक जवळची वाटेल. १६३४ सालीं मेरीलंड वसाहत स्थापन झाली ती कॅथोलिकांना आसरा मिळावा या हेतूनें. पण त्याच भूमींत पुढें त्यांच्यावर बंधनें आलीं, आणि १७०४ च्या कायद्यानें उघड उपासनेस बंदी झाली. मग मिस्सा घरांतल्या खोल्यांतून होऊं लागली. जेथें मंदिर नाहीं तेथें मंदिराची वही कशी असणार? म्हणून त्या काळच्या कॅथोलिक पूर्वजाचा शोध फार कठीण जातो. पेनसिल्व्हेनियांत मात्र १७४१ पासून एक वही सुरू झाली. थिओडोर श्नायडर नांवाचे जर्मन येशूसंघी फादर गोशेनहोपेन येथें राहून आसपासच्या वस्त्यांवर फिरत. कोणाच्या घरीं कोणत्या बालकास बाप्तिस्मा दिला हें ते लिहून ठेवीत. त्या फिरत्या वहीवरून आज शेंकडों कुटुंबें आपला वंश सांगतात. आपल्याकडेहि जे जुने मिशनरी बैलगाडींतून खेडोपाडीं फिरले त्यांच्या वह्या अशाच. नोंद ज्या गांवीं लिहिली तेथेंच संस्कार झाला असें समजूं नये. फादर परत आल्यावर आठवड्याभराच्या नोंदी एकदम वहींत चढत.

तारखेचीहि एक गंमत त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. इंग्रजांच्या राज्यांत १७५२ पर्यंत जुनी कालगणना चाले आणि वर्ष २५ मार्चला बदले. जॉर्ज वॉशिंग्टन याचा जन्म त्या गणनेनें ११ फेब्रुवारी १७३१ रोजीं झाला. आज तोच दिवस २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून पाळतात. अकरा दिवसांचा फरक, आणि वर्षहि निराळें! पोर्तुगालनें पोप ग्रेगरी यांची सुधारणा १५८२ सालींच स्वीकारली होती, त्यामुळें गोव्याच्या जुन्या नोंदींत ही अडचण येत नाहीं. आम्हां वऱ्हाडकरांची अडचण दुसरी. निजामशाहींतील जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले असतां सुमारें इसवी सन निघतो. ‘फसली १२६३’ पाहून हा मनुष्य मोंगलांच्याहि आधींचा, असें कोणीं समजूं नये; तें साल १८५३ च्या आसपासचें, म्हणजे वऱ्हाड इंग्रजांकडे गेला त्या वेळचें.

हौस असली म्हणजे ठकहि येतात. अमेरिकेंत गुस्ताव अंजू नांवाचा एक मनुष्य होऊन गेला. १९४२ सालीं तो मेला. श्रीमंत कुटुंबांना मोठ्या रकमा घेऊन तो युरोपांतील थोर घराण्यांशीं जोडून देई, आणि जेथें दाखला मिळत नसे तेथें तो स्वतःच तयार करी. त्याच्या वंशावळी आजहि लोकांच्या घरीं आहेत व त्यांतल्या चुका पिढ्यान्‌पिढ्या उतरल्या जात आहेत. आपल्याकडे कोणी ब्राह्मण मूळ सांगतो, कोणी पोर्तुगीज सरदाराचें नांव घेतो. खरें असेल तर आनंद आहे. पण कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर तें आहे, हें विचारण्यास लाजूं नये.

असो. आतां घरच्या वह्यांकडे वळूं. त्या पुष्कळशा लॅटिन भाषेंत आहेत, म्हणून लोक बिचकतात. वस्तुतः दहा-बारा शब्द कळले कीं काम भागतें. ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापितर, ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरलेला. घोटाळा होतो तो नांवांनीं. वहींतला ‘योहान्नेस’ घरीं जॉन, जुआंव किंवा योहान असूं शकतो. ‘याकोबुस’ हा तर कोठें जेम्स, कोठें याकोब, कोठें दियोगु. गोव्याची बाई विवाहानंतरहि कागदोपत्रीं माहेरचें नांव चालवी, म्हणून पतीच्या आडनांवानें तिला शोधलें तर ती सांपडत नाहीं. आणि खेड्यांतील नवख्रिस्ती कुटुंबांत आडनांवच नसे. ‘पावलुस, योसेफाचा मुलगा’ एवढेंच.

वयाविषयीं तर फारच सावध असावें. बाप्तिस्म्याच्या वहींत बालक समोर असे. दफनाच्या वहींतलें वय रडणारीं माणसें सांगत, व तीं अंदाजानें सांगत. म्हणूनच दफनाच्या वहींत चाळीस, पन्नास, साठ या वयांची गर्दी दिसते. आपल्या वडीलधाऱ्यांनीं वय वर्षांत मोजलेंच नाहीं. ‘छपन्नच्या दुष्काळांत मी रांगत होतों’ किंवा ‘मानमोडीच्या सालीं माझें लग्न झालें’ असें ते म्हणत. छपन्नचा दुष्काळ म्हणजे संवत् १९५६, इसवी १८९९-१९००. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची सांथ. हे दोन खुंटे पक्के आहेत. दगडावरल्या आकड्यापेक्षां आजीचें असें वाक्य पुष्कळदां अधिक विश्वसनीय ठरतें. मानमोडीच्या सुमाराचीं पानें आपल्या वह्यांत पाहावीं. एकाच घरचीं दोन-तीन नांवें एका आठवड्यांत आलेलीं दिसलीं तर, पुढें त्या घरचीं लहान मुलें मामाकडे कां वाढलीं याचें उत्तर तेथेंच मिळतें.

खेड्यांतील कुटुंबांसाठीं आणखी एक साधन आहे, तें म्हणजे कोतवाल-बुक. गांवचा कोतवाल जन्म व मृत्यु यांची वर्दी देई व ती लिहिली जाई. आज जातीच्या दाखल्यासाठीं लोक तहसील कचेरींत हींच बुकें चाळतात. त्यांत बालकाचें नांव बहुधा नसतें. बापाचें नांव, मुलगा कीं मुलगी, आणि तारीख एवढेंच असतें. बाप्तिस्म्याच्या वहींत बालकाचें नांव असतें, पण मूळ गांव कधीं सुटतें. दोन्ही एकापुढें एक ठेविलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचाहि उपयोग होतो. हिंदुस्थानांतून पाठविलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला तेथें आहेत. आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें आपल्या धर्मगुरूंना विवाहांच्या नोंदी दर तीन महिन्यांनीं सरकारांत पाठवाव्या लागत. तेव्हां येथली वही वाळवीनें खाल्ली तरी विवाहाचा मागमूस अगदींच नाहींसा झाला असें समजूं नये.

दफनाच्या नोंदींची नक्कल मात्र अशी सहजासहजीं मिळत नाहीं. ती वही गेली कीं गेली. आणि दगडाचा भरंवसा या मुलुखांत धरतां येत नाहीं. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत हातभर फाटते आणि पावसाळ्यांत फुगते; तिच्यावर बसविलेला दगड कांहीं वर्षांत कलतो, मग दुभंगतो. गरिबांचे तर लांकडी क्रूस. ते वाळवीच्या तोंडचे. जागा अपुरी पडली म्हणजे जुन्या थडग्यावर नवें होतें. म्हणजे येथल्या अनेक मृतांची जगांतली शेवटची खूण कागदावरची ती एक ओळच आहे.

आतां आमच्या मनाला जी गोष्ट सर्वांत अधिक लागते ती सांगतों. दुष्काळांत अनाथालयांत आलेल्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना त्या सहसा विसरतां येत नाहींत. नांव, तारीख, सुमारें वय, आणि आईबापांच्या जागीं ‘अज्ञात’. त्यांचे नातू-पणतू आज या सभेंत असतील. ते म्हणतात, आमची वंशावळ येथेंच तुटली. आमचें म्हणणें निराळें आहे. ज्या मुलाची पाटी कोरी होती त्याच्याजवळ धर्मपिता व धर्ममाता उभीं राहिलीं. त्यांचीं नांवें तेथें लिहिलेलीं आहेत. त्याच दिवशीं, त्याच पानावर आणखी कोणाकोणाचा बाप्तिस्मा झाला तें पाहावें. एका गांवाहून एकत्र आलेलीं मुलें एकत्रच लिहिलीं जाण्याचा संभव असतो, आणि त्यांतल्या एकाच्या नोंदींत गांवाचें नांव असलें तर दुसऱ्याचा माग तेथून काढतां येतो. मग दफनाची वही पाहावी. कारण त्या दुष्काळी महिन्यांत आलेलीं सारींच मुलें जगलीं नाहींत. आपला पूर्वज त्या पानावर नाहीं, हें पाहणें हाहि शोधाचाच भाग आहे. आणि जीं नांवें तेथें आहेत, ज्यांना नातू नाहींत व ज्यांच्यासाठीं कोणी दाखला मागावयास येणार नाहीं, तीं निदान एकदां मोठ्यानें वाचलीं जावीं.

कांहीं व्यवहाराच्या सूचना करून पुरें करितों. जुन्या पानांना चिकटपट्टी लावूं नये. त्यांवर प्लास्टिकचा पातळ थर चढवूं नये, त्यानें कागद आंतून कुजतो. जुनी शाई कागदाला खात जाते, म्हणून छायाचित्र आजच घ्यावें, व तें समासासह पुऱ्या पानाचें घ्यावें, एका ओळीचें घेऊं नये. वही धर्मगुरूंच्या समक्षच पाहावी. जिवंत माणसांच्या नोंदी दुसऱ्यानें पाहावयाच्या नाहींत. घरीं असलेल्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर वडिलांनीं मुलांच्या जन्मतारखा लिहून ठेविल्या असतात. तीं पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं उघडून पाहावीं.

सर्व मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला येतो. त्या दिवशीं मेणबत्त्या घेऊन आपण दफनभूमींत जातोंच. यंदा प्रत्येक घरानें एक कागद बरोबर न्यावा, आणि आपल्या माणसाच्या दगडावर जें अजून वाचतां येतें तें जसेंच्या तसें उतरून धर्मगुरूंकडे द्यावें. जेथें दगड नाहीं तेथें जागा कोणती, डावीकडून कितवी, आणि ही जागा आपणांस कोणीं दाखविली, तें लिहावें.